खुराक कुणाचा, कुणाला?

(वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



खाण्याबद्दल बोलायला कोल्हापुरात उभं राहायचं म्हणजे धाडसच. गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून पेला हातात देतात. त्या गावाला मी दुधाचं काय सांगणार? पण माझी पहिली फजिती दुधापायीच झाली. कॉलेजात मी पाच हजार मीटर पळायचो. स्पर्धेच्या सकाळी तालमीतल्या मामांनी तांब्याभर दूध पाजलं, त्यात बदाम वाटलेले आणि वर तूप. "पी, घोड्यासारखा पळशील." सहाव्या फेरीला ते सगळं ट्रॅकच्या कडेला पडलं. तूप पोटात रेंगाळतं, हे मामांना ठाऊक नव्हतं आणि मलाही.

मामांचा खुराक त्यांच्या जागी बरोबर होता. दोन लिटर म्हशीच्या दुधात 70-80 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास 140 ग्रॅम स्निग्धांश. पहाटे हजारभर जोर-बैठका मारणाऱ्याला ते जिरतं. शिवाय मैदानातली कुस्ती जोड बघून लागते, काट्यावर तोलून नाही. तिथं अंगाचा जडपणा कामाला येतो. (लंगोट सुटला तरी तांब्या सुटत नाही, त्याचं पुढं काय होतं ते इथल्या डॉक्टरमंडळींना विचारा.)

मॅटवर मात्र काटा आधी बोलतो. आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनमध्ये 52 किलोत सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीला 57 किलोत कांस्यपदक घेऊन आले. पैलवान म्हटल्यावर डोळ्यांपुढं येतो त्या मानाने किती हलका माणूस! पॅरिसला 2024 मध्ये अमन सेहरावतनं त्याच 57 किलोत कांस्य मिळवलं. उपांत्य लढतीनंतर दहा तासांत त्यानं साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं, असं बातम्यांत आलं होतं. तिथंच विनेश फोगाटला बाद करणारे जादाचे 100 ग्रॅम तर सगळ्या देशाला पाठ आहेत. रात्रीत उतरतं ते बहुतेक पाणी असतं, चरबी नव्हे. स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. उपाशी राहिलात की इंधन आणि पाणी दोन्ही गेलं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला स्वेटर घालून, थुंकायला लावून वजन उतरवणारे वस्ताद मी पाहिलेत. ते थांबवा, एवढंच म्हणतो.

आता पळणारा. त्याचं इंधन म्हणजे हीच साठवलेली साखर, स्नायूंत साधारण 400 ते 500 ग्रॅम आणि यकृतात शंभरेक. म्हणजे दोन हजार ते चोवीसशे कॅलरी. साठ किलोच्या माणसाला किलोमीटरमागं साठेक कॅलरी लागतात. 42 किलोमीटरचा हिशेब तुम्हीच करा. थोडी भर चरबी घालते, तरी तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय दगडाचे का होतात ते कळेल. म्हणून तासाच्या वर पळणाऱ्यानं दर तासाला 30 ते 60 ग्रॅम साखर पोटात घालावी: एखादं केळं, गुळाचा बरा खडा, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. पण नुसतं पाणी ढोसत सुटू नका. त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस तहानेपेक्षा त्यानंच जास्त बिघडतो. आणि नवा प्रयोग शर्यतीच्या दिवशी नको. माझे मामा आठवा.

कबड्डीवाल्यांना एकच सांगतो. रात्रीच्या स्पर्धेत दोन सामन्यांच्या मधे वडापाव नको. दहीभात घ्या, राजगिऱ्याचा लाडू घ्या.

प्रथिनांचं विचाराल, तर साध्या माणसाला वजनाच्या किलोमागं 0.8 ग्रॅम पुरतात, घाम गाळणाऱ्याला 1.4 ते 2. साठ किलोला 84 ते 120. हे डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी, दूध यांतून बसतं. पावडरचा डबा हे शेवटचं दुकान. त्यात काय मिसळलंय ते लेबल दरवेळी सांगत नाही, आणि उत्तेजक चाचणीत सापडलात तर डबा विकणारा तुमच्यासोबत उभा राहत नाही.

वेळ थोडा आहे, पण मुलींबद्दल बोलल्याशिवाय बसणार नाही. माझ्याकडं एक पंधराशे मीटरची मुलगी आली होती, नडगी दुखते म्हणून. हाडाला बारीक चीर. पाळी सात महिने बंद. आई म्हणाली, "बरंच झालं की, स्पर्धा आहेत." प्रशिक्षक म्हणाले, "हलकी झाल्यापासून वेळ सुधारलाय." घरात अंडं भावाला, तिला चहा-चपाती, आणि जेवणावर पुन्हा चहा, जो भाजीतलं लोह अडवतो. शरीराला खर्चायला पुरेसं मिळालं नाही की ते आधी पाळी बंद करतं, मग हाडांना हात घालतं. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, पण आपल्याकडं अजून त्याला "फिट झाली" म्हणतात.

पळणं थांबवलं. दोन भाकऱ्या वाढवल्या, रोज दोन अंडी, मटकीवर लिंबू, चहा जेवणानंतर तासानं. पाचव्या महिन्यात पाळी आली. पुढच्या मोसमात तिचा वेळ चार सेकंदांनी मागं गेला आणि प्रशिक्षकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. ती अजून पळते.