क्षयरोग संशोधन : मद्रास ते झारखंड

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सार्वजनिक आरोग्य हा विषय परीक्षेसाठी अभ्यासताना योजनांची नावे, त्यांच्या आरंभाची वर्षे आणि त्यांची उद्दिष्टे पाठ केली जातात. तथापि, प्रत्येक योजनेच्या मुळाशी एखादा प्रश्न असतो आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणीतरी, कोठेतरी मोजून-मापून शोधलेले असते. तो प्रश्न आणि त्याचे उत्तर शोधण्याची पद्धत लक्षात आली, तर योजना पाठ करावी लागत नाही, ती समजते. क्षयरोगविषयक भारतीय संशोधनाचा गेल्या सात दशकांचा इतिहास या दृष्टीने विशेष अभ्यासनीय आहे. या काळात संशोधकांनी विचारलेले प्रश्न बदलत गेले आणि प्रश्न बदलताच धोरणाची दिशाही बदलली.

रोगाचे स्वरूप

आयुर्वेदाने ‘राजयक्ष्मा’ या नावाने वर्णिलेला हा विकार जंतुजन्य आहे, हे रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जाहीर केले. रुग्णाच्या खोकल्यावाटे हवेत आलेले जंतू श्वासाबरोबर दुसऱ्याच्या शरीरात जातात. परंतु संसर्ग होणे आणि रोग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे ५ ते १० टक्के व्यक्तींनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. उरलेल्यांच्या शरीरातील प्रतिकारशक्ती जंतूंना दडपून ठेवते. कुपोषण, मधुमेह, एचआयव्हीची लागण, तंबाखू व मद्य यांमुळे ही शक्ती क्षीण झाली की रोग डोके वर काढतो. हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर उभे आहे.

मद्रासचा अभ्यास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्षयरोगावर खात्रीचे औषध नव्हते. मोकळी हवा, संपूर्ण विश्रांती व सकस आहार हाच उपचार होता आणि त्यासाठी आरोग्यधामे उभारली जात. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन व पीएएस आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड ही औषधे उपलब्ध झाल्यावर परिस्थिती पालटली. तरीही एक शंका शिल्लक होती. औषधे आली म्हणून आरोग्यधामाची गरज संपते काय? भारतात रुग्णांची संख्या लाखोंच्या घरात होती आणि त्या मानाने खाटा नगण्य होत्या. आरोग्यधाम अनिवार्य ठरले असते, तर बहुसंख्य रुग्णांना उपचाराविनाच राहावे लागले असते.

या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास शासन, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांचा हा संयुक्त उपक्रम होता व त्याचे नेतृत्व वॉलेस फॉक्स यांच्याकडे होते. आज हीच संस्था चेन्नईतील राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते.

केंद्राने शहरातील गरीब वस्त्यांतील १९३ रुग्णांची निवड केली. कोणी घरी राहून औषध घ्यावे आणि कोणी आरोग्यधामात जावे, हे डॉक्टरांच्या वा रुग्णांच्या पसंतीवर सोडले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे ते केवळ योगायोगावर ठरविले गेले. यालाच यादृच्छिक चाचणी म्हणतात. असे केले नसते, तर अधिक आजारी रुग्ण आरोग्यधामात व बरे दिसणारे घरी, अशी विभागणी होऊन तुलना निरर्थक ठरली असती. दोन्ही गटांना वर्षभर आयसोनियाझिड व पीएएस ही सारखीच औषधे देण्यात आली.

घरच्या रुग्णांचा आहार निकृष्ट होता, घरे दाटीवाटीची होती आणि विश्रांतीही कमी मिळत होती. आरोग्यधामातील रुग्णांचे वजन अधिक वाढले. मात्र १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी सर्वांनाच चकित केले. थुंकी जंतुमुक्त होण्याच्या कसोटीवर दोन्ही गटांत फारसे अंतर नव्हते. रुग्ण घरी राहिल्यामुळे कुटुंबीयांना होणारा धोकाही वाढला नव्हता, कारण त्यांना लागण व्हायची ती बहुतांशी उपचार सुरू होण्यापूर्वीच झालेली होती. गरिबाच्या घरातही क्षयरोग बरा होऊ शकतो, हे सिद्ध झाले. १९६२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाला या निष्कर्षाने शास्त्रीय आधार दिला आणि जगभर आरोग्यधामांचे युग मावळू लागले.

बंगळूरचा प्रश्न

औषध सिद्ध झाले, तरी ते रुग्णापर्यंत पोहोचणे हा निराळा विषय होता. रुग्णालयातील संशोधन आणि लोकसमूहातील संशोधन यांतील फरक येथे स्पष्ट होतो. पहिले संशोधन विचारते, ‘औषध घेतल्यास रुग्ण बरा होतो काय?’ दुसरे विचारते, ‘शंभर रुग्णांपैकी किती जणांना ते औषध मिळते आणि उरलेल्यांना का मिळत नाही?’

१९५९ मध्ये स्थापन झालेल्या बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने हा दुसरा प्रश्न हाती घेतला. खेड्यातील अडाणी माणूस रोगाची लक्षणे ओळखत नाही, म्हणून प्रथम त्याचे प्रबोधन करावे, असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. देबबर बॅनर्जी व स्टीग अँडरसन यांनी तत्कालीन म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात रुग्णांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेऊन १९६३ मध्ये वेगळेच चित्र मांडले. बहुतेक रुग्णांना आपल्या त्रासाची जाणीव होती आणि त्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांनी आरोग्य केंद्राचे दार स्वतःहून ठोठावले होते. तेथून ते खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. त्यांची थुंकी तपासली गेलीच नव्हती. दोष रुग्णाच्या अज्ञानापेक्षा यंत्रणेच्या अनास्थेत अधिक होता. क्षयरोगाची सेवा स्वतंत्र न ठेवता सर्वसाधारण आरोग्य सेवेत विलीन करावी आणि खोकला घेऊन येणाऱ्याची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी, या धोरणाला या अभ्यासाने बळ मिळाले.

चिंगलपुटचे नकारात्मक उत्तर

तिसरा प्रश्न लसीचा होता. बीसीजी लस देशात व्यापक प्रमाणावर दिली जात होती. परंतु प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून ती कितपत संरक्षण देते, याविषयी जगातील निरनिराळ्या अभ्यासांचे एकमत नव्हते. म्हणून १९६८ पासून मद्रासजवळील चिंगलपुट जिल्ह्यात सुमारे २ लाख ६० हजार लोकांचा समावेश असलेली चाचणी घेण्यात आली. काहींना लस व काहींना लसीसारखे दिसणारे निष्प्रभ द्रव दिले गेले. कोणाला काय दिले, हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

या चाचणीचा पहिला अहवाल १९७९-८० च्या सुमारास आला. प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून लसीने संरक्षण मिळाल्याचे आढळले नाही. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानेही त्याला दुजोरा दिला. एवढा खर्च व श्रम करून हाती निराशा आली, असे कोणी म्हणेल. परंतु लसीकरणावर विसंबून रुग्णशोध व उपचार यांकडे दुर्लक्ष करता येणार नाही, हे या अप्रिय उत्तरामुळेच निश्चित झाले. लहान बालकांमध्ये मेंदूच्या आवरणाचा क्षय व शरीरभर पसरणारा क्षय यांसारख्या गंभीर प्रकारांपासून बीसीजी संरक्षण देते, म्हणून जन्मानंतर ती आजही दिली जाते. लस निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे चाचणीने न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या माथी मारणे होय.

अन्नाचा विसर आणि पुनःस्मरण

नेमकी हीच चूक मद्रासच्या अभ्यासाबाबत घडली. उत्तम आहार नसला तरी औषधाने थुंकी जंतुमुक्त होते, एवढेच तो अभ्यास सांगत होता. कालौघात त्याचा अर्थ ‘क्षयरोगात आहाराला महत्त्व नाही’ असा लावला गेला. आरोग्यधामाबरोबर सकस आहाराचा विषयही मागे पडला. औषधांचा कालावधी घटून सहा महिन्यांवर आला, १९९७ पासून सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम राबविला गेला, देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत देशभर पोहोचली. लाखो जीव वाचले. तरीही नवे रुग्ण निर्माण होण्याचा वेग अपेक्षेप्रमाणे घटेना. संसर्ग झालेल्या व्यक्तीला रोग का होतो, हा प्रश्न धोरणाच्या केंद्रस्थानी नव्हता.

तो प्रश्न झारखंडमध्ये विचारला गेला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेतील संशोधक यांनी राज्यातील चार जिल्ह्यांत २८ ठिकाणी ‘रेशन्स’ नावाची चाचणी घेतली. २०१९ मध्ये नोंदणी सुरू झाली आणि पाठपुरावा २०२२ पर्यंत चालला. २,८०० रुग्ण व त्यांच्या घरातील १०,३४५ व्यक्ती तिच्यात सहभागी होत्या. दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार रुग्णांचे वजन उंचीच्या मानाने कमी होते.

चाचणीची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. सर्वच रुग्णांना औषधांबरोबर सहा महिने दरमहा १० किलोचा शिधा मिळाला, कारण आजारी व उपाशी माणसाला केवळ तुलनेसाठी अन्नावाचून ठेवणे नीतीला धरून झाले नसते. तुलना होती ती कुटुंबीयांची. एका गटातील कुटुंबीयांना प्रत्येकी दरमहा ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. दहा वर्षांखालील मुलांना याच्या निम्मा शिधा मिळाला. दुसऱ्या गटातील कुटुंबीयांना असा शिधा नव्हता.

ऑगस्ट २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ व ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकांत निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबीयांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर तपासणीत जंतू सिद्ध झालेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णांच्या बाबतीत, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होता. येथे एक सावधगिरी बाळगावी. कुटुंबीयांविषयीचा निष्कर्ष यादृच्छिक तुलनेतून आला आहे, तर वजनवाढ व मृत्यू यांचा संबंध हा निरीक्षणातून आलेला आहे; ज्यांची प्रकृती मुळात सुधारत होती त्यांचे वजनही वाढले असण्याची शक्यता त्यात राहते. दोन्हींचे पुराव्याच्या दृष्टीने वजन सारखे नाही.

मद्रास व झारखंड येथील निष्कर्ष परस्परविरोधी आहेत काय? मुळीच नाही. पहिल्याने ‘रोग बरा कशाने होतो’ हे पाहिले, दुसऱ्याने ‘घरातील इतरांना रोग होऊ नये म्हणून काय करता येईल’ हे पाहिले. जंतूंना मारण्याचे काम औषध करते. जंतूंना दडपून ठेवण्याचे काम शरीर करते आणि शरीराला त्यासाठी अन्न लागते.

धोरण आणि उरलेले काम

धोरणाने या दिशेने पावले टाकलेली आहेत. एप्रिल २०१८ पासून ‘निक्षय पोषण योजने’खाली रुग्णाला उपचारकाळात दरमहा ५०० रुपये देण्यात येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. २०२० मध्ये कार्यक्रमाचे नाव राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रम असे झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये आरंभलेल्या ‘प्रधानमंत्री टीबीमुक्त भारत अभियाना’त ‘निक्षय मित्र’ स्वेच्छेने रुग्णांना शिधा पुरवितात आणि २०२४ मध्ये रुग्णाच्या कुटुंबीयांचाही त्यात समावेश करण्यात आला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार भारतातील नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २३७ होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. ही घट सुमारे २१ टक्क्यांची आहे. २०२५ पर्यंत ८० टक्के घट साधण्याचे जे उद्दिष्ट देशाने ठेवले होते, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे उरलेल्या कामाचा आवाका ध्यानी येतो. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश अद्यापि भारतात आहेत.

औषध रुग्णाच्या हाती देता येते व त्याची नोंद ठेवता येते. शिधा मात्र घरी जातो. तो किती तोंडांत वाटला जातो, कोणत्या महिन्यात उशिरा पोहोचतो आणि सहा महिन्यांनंतर त्या घरात काय शिजते, यावर त्याचा परिणाम अवलंबून असतो. झारखंडच्या चाचणीत तो नियमाने पोहोचविला गेला होता. सहा महिने संपल्यावर त्या चुलीवर रोज डाळ शिजेल अशी व्यवस्था कशी करावी, हा संशोधनापुढील व प्रशासनापुढील पुढचा प्रश्न आहे. आज परीक्षेची तयारी करणाऱ्यांपैकी काही जण उद्या एखाद्या तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा कारभार पाहतील. त्या वेळी तो प्रश्न त्यांच्याच टेबलावर असेल.