कळमन्याला निघताना वेळेचा हिशेब

शेतकरी बंधूंनो, संत्री घेऊन हिंगण्याहून कळमना बाजार सुमारे २५ किलोमीटर. भरलेली ट्रॉली तासाला १५ किलोमीटर धरली, तर १ तास ४० मिनिटे लागतात. वाटेतले चौक, ट्रक, चहापाणी यांची ३५ मिनिटे वेगळी धरा. म्हणजे सहाला पोचायचे, तर पावणेचारलाच निघा.

निघण्याआधी ब्रेकची दोन्ही पेडले कडीने जोडा. नाहीतर एकच चाक धरते, ट्रॅक्टर उलटू शकतो. ट्रॉलीमागे लाल रिफ्लेक्टर लावा, दिवा पाहा. मालावर माणसे बसवू नका. उतारावर गिअर काढू नका.

उशीर झालाच, तर वेग वाढवू नका. उतरलेला भाव पुढच्या खेपेला भरून निघेल. गेलेला माणूस परत येत नाही, बरं का!