रविवारचा चित्रकलेचा वर्ग
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



भाषण करण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा तेवढीच होती, आणि पुढे मुलीला तालुक्याला धाडण्याची आमच्या घरी रीत नव्हती. तेव्हा शब्द मागेपुढे झाले तर सांभाळून घ्यावे.

प्रश्न सर्वांना ठाऊकच आहे. आपल्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी सकाळी हायस्कुलातल्या मुलामुलींचा चित्रकलेचा वर्ग भरतो. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर तो विनामूल्य चालवतात. आता एका शिकवणीवाल्यांनी त्याच वेळेला खोली भाड्याने मागितली आहे. भाडे चांगले देतात, आणि आपले पत्रे गळतात हेही खरे. खोलीची किल्ली माझ्याकडे असल्यामुळे वर्षभर मी त्या वर्गात मागे बसत आले आहे. म्हणून काय पाहिले ते सांगते; मग मंडळाने ठरवावे.

पुष्कळजणींना वाटते, चित्रकला म्हणजे फुले रंगवणे. मलाही उत्सुकता होती की हे मास्तर पहिल्या दिवशी काय शिकवतात. त्यांनी रंगाची पेटी उघडूच दिली नाही. माझ्याकडून एक पितळी तांब्या मागून घेतला, तो कपाटावर ठेवला आणि म्हणाले, "तोंड काढा." सगळ्यांनी गोल काढला. मग तोच तांब्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवला, तर तोंडाची नुसती आडवी रेघ दिसली. स्टुलावर ठेवला तर लांबट अंड्यासारखे दिसले. जमिनीवर ठेवून वरून पाहिले, तेव्हा कुठे ते गोल झाले. एक मुलगा हट्टाने म्हणाला, "पण सर, तोंड तर गोलच असतं ना!" मास्तर म्हणाले, "असतं ते डोक्यात ठेव, दिसतं ते कागदावर काढ." आपण बाया मांडणीवरची आणि चुलीपुढची भांडी जन्मभर पाहतो, पण हे कोणी बोलून दाखवले नव्हते.

पुढचे कितीतरी रविवार नुसते मापाचे होते. हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिल उभी धरून अंगठ्याने माप घ्यायचे: रुंदीच्या किती पट उंची आहे? स्टुलावर मडके, शेजारी दोन वांगी, मागे घडी पडलेले फडके. उजेड एकाच खिडकीतून येऊ द्यायचा, दुसरी मी लावून घेत असे. मुलांना आधी वांगे जांभळे एवढेच ठाऊक होते. मग त्यावर खिडकीचा पांढरा ठिपका दिसू लागला, आणि खालच्या कडेला फडक्याचा उजळपणाही दिसू लागला. लांबचे लहान का दिसते हे सांगायला मास्तरांनी दौंड-मनमाड रेल्वेच्या रुळांचे उदाहरण दिले. नगर स्टेशनवर उभे राहून पाहिले तर दोन्ही रूळ दूर एका बिंदूला मिळाल्यासारखे दिसतात.

आता परीक्षेबद्दल. राज्याचे कला संचालनालय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट अशा दोन रेखाकला परीक्षा घेते. समोर ठेवलेल्या वस्तूंचे चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र म्हणजे नक्षी, आणि भूमिती व अक्षरलेखन, असे त्यांत विषय असतात. इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीला वाढीव गुण मिळतात: अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3. पालक येतात ते बहुधा या गुणांसाठी. येऊ द्यावेत, पण मला त्यात एक वाईट दिसते. काही ठिकाणी मुले छापील पुस्तकातली एकच जत्रा घोकून जातात आणि विषय कोणताही असो, तीच जत्रा उतरवतात. आमच्या मास्तरांना याचा भारी राग. ते स्मरणचित्राला आधी बाजारात पाठवतात आणि आल्यावर विचारतात, "भाजीवालीने तराजू कोणत्या हातात धरला होता?"

नक्षीचा आणि भूमितीचा भाग तर भगिनींनो, आपलाच आहे. वर्तुळात दोन व्यास काटकोनात काढायचे, कोन दुभागायचे, की अष्टकोन तयार. मास्तरांनी मुलांना शहा डोंगरावर नेले होते. ज्याला आपण चांदबिबीचा महाल म्हणतो ती खरी सलाबतखानाची कबर. तिची इमारत तीन मजली आणि अष्टकोनी आहे. वहीतला अष्टकोन दगडात उभा पाहून मुले गप्प झाली. दमडी मशिदीची दगडातली नक्षीही त्यांनी उतरवून आणली. त्यानंतर एका रविवारी मास्तरांनी मला पुढे बोलावले आणि ठिपक्यांची रांगोळी काढायला लावली. सरळ ठिपके आणि आडठिपके यांत फरक काय, हे मी सांगितले. सातवी शिकलेली बाई हायस्कुलाच्या वर्गाला शिकवते म्हणून घरी आमच्या सासूबाईंनी दोन दिवस थट्टा केली, ते असो.

कोणी विचारतात, चित्रे काढून पोट भरते का? मुंबईचे जे. जे. कला विद्यालय 1857 सालचे आहे. आपल्या नगरातही प्रगत कला महाविद्यालय आहे, आणि प्रमोद कांबळे यांच्यासारखे चित्रकार-शिल्पकार नगरचेच. पण आपल्या 19 मुलांपैकी सगळी काही तिकडे जाणार नाहीत. एखादे जाईल. बाकीच्यांपैकी कोणी सुतारकाम करील, कोणी शिवण, कोणी घराचा नकाशा काढील, आणि त्या सर्वांना माप लागतेच.

त्या 19 मध्ये 11 मुली आहेत. त्यांतल्या एकीबद्दल सांगते, नाव सांगत नाही. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. मागच्या साली एलिमेंटरी देऊन ती त्यांच्याबरोबर कारखान्यावर गेली. निघताना मास्तरांनी तिला एक कोरी वही आणि दोन पेन्सिली दिल्या, बाकी काही सांगितले नाही. पाडव्यानंतर ती परत आली तेव्हा वही भरलेली होती. पाचटाची कोपी, तिच्यापुढची तीन दगडांची चूल, कोयता, जू उतरवलेली टायरगाडी, गाडीखाली झोळीत निजलेले मूल. बैलांचे पाय चुकले होते. मास्तरांनी लाल पेन्सिल लावली नाही. कोपीच्या चित्रावर बोट ठेवून एवढेच विचारले, "ऊन कुठल्या बाजूने होतं?" ती चटकन म्हणाली, "मागून. सकाळचं. आई मोळ्या बांधायला गेली होती." चित्रात कोपीचे तोंड काळोखे होते आणि सावली पुढे आली होती, अगदी बरोबर.

ही मुलगी यंदा इंटरमिजिएटला बसणार आहे. तिच्या शाळेत चित्रकलेचा तास वेळापत्रकात आहे, पण त्या तासाला गणित घेतात. घरी टेबल नाही, दिवा एक. रविवारचे दोन तास आपल्या खोलीत मिळतात तेवढेच. शिकवणीवाल्यांची मुले दुसरीकडेही बसू शकतील, त्यांच्याजवळ भाडे द्यायला पैसे आहेत. या 19 मुलांना मात्र दुसरी जागा दिसत नाही.

पत्र्याचे म्हणाल, तर माझी सूचना अशी की खोली शिकवणीला संध्याकाळची द्यावी, रविवारची सकाळ सोडून. भाडे थोडे कमी येईल. उरलेल्या रकमेसाठी आपण दिवाळीत चकल्या-अनारशांच्या ऑर्डरी घेऊ. 2 वर्षांपूर्वी सतरंज्या अशाच आल्या होत्या. मुलांच्या चित्रांचे प्रदर्शनही वर्धापनदिनीच भिंतीवर लावले आहे. जाताना पाहावे. कोपीचे चित्र दारालगत आहे, त्यावर नाव मुद्दाम लिहिलेले नाही.

आणि एक. येत्या रविवारी धातूच्या भांड्याचे चित्र आहे. कोणाकडे जुनी तांब्याची कळशी असेल तर शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे पाठवावी. पोचा आलेली चालेल, मास्तरांना तशीच हवी आहे. फक्त चिंचेने घासू नये.