तेल, स्नेह आणि स्नेहसंमेलन



इंग्रजी कोशांत ‘ओलिॲजिनसली’ असे एक क्रियाविशेषण आहे. बोलण्यात ते क्वचितच येते. त्याचा मूळ अर्थ ‘तेलकटपणे’. परंतु लक्षणेने ते खुशामतीच्या गुळगुळीत वाणीला लावतात. लॅटिनमध्ये ‘ओलेउम’ म्हणजे तेल, आणि तो शब्द ग्रीकांच्या ऑलिव्हवाचक शब्दावरून आला. आपल्याकडेही तसेच घडले. तिळाचे ते तैल. युरोपात तेलाचे बारसे ऑलिव्हने केले, भारतात तिळाने. पुढे खोबऱ्याचे ते खोबरेल आणि एरंडाचे ते एरंडेल झाले. त्यांत तिळाचा अंश नसला तरी नाव तिळाचेच राहिले.

तेलकट वाणीचा इंग्रजांना मोठा संशय. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे बिशप सॅम्युअल विल्बरफोर्स यांना लोक ‘सोपी सॅम’, म्हणजे ‘साबणी सॅम’, म्हणत. आपणही लोणी लावणाऱ्यास ओळखतोच. सरकारी नोकरीत केस पिकलेल्या आम्हांस त्याची उदाहरणे शोधावी लागत नाहीत!

परंतु संस्कृताने, आणि तिच्या मागोमाग मराठीने, आणखी एक अर्थ जपला. ‘स्नेह’ म्हणजे तेल-तूप आणि ‘स्नेह’ म्हणजेच माया. आयुर्वेदात घृत, तैल, वसा व मज्जा असे चार स्नेह सांगितले आहेत. पंचकर्मापूर्वीचे स्नेहन ते यांचेच. त्याच शब्दातून आपले स्नेही आले, पत्राखालचे ‘स्नेहांकित’ आले आणि स्नेहसंमेलनही आले. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त २४ गुणांमध्ये स्नेहाची गणना आहे. ज्याच्यामुळे पिठासारख्या चूर्णाचा गोळा बांधला जातो तो गुण स्नेह, आणि तो पाण्याच्या ठायी वसतो, असे तेथे सांगितले आहे. सुटे कण एकत्र धरणे हेच त्याचे कार्य.

भिलाईकरांना हे निराळे समजावयास नको. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासाठी प्रांतोप्रांतींची माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती, सुट्या पिठासारखी. त्यांचा गोळा कशाने बांधला गेला? यंत्राजवळ काम केलेल्यास ठाऊक आहे की, वरून चोपडलेले वंगण नुसते चकाकते आणि धूळ धरते. बेअरिंगच्या आत पोचलेले वंगणच घर्षण कमी करते. सत्काराच्या भाषणांतील गोडवा पहिल्या जातीचा. शेजारीण रुग्णालयात असता तिच्या मुलांना न सांगता जेवू घालणे, हे दुसऱ्या जातीचे.

आज आपली मुले हिंदीतून व इंग्रजीतून शिकतात. ‘मस्का’ त्यांना सहज येतो; ‘स्नेह’ मात्र निमंत्रणपत्रिकेवरच दिसतो. हा शब्द कोशातून शिकविता येणार नाही. मुले नोकरीनिमित्त दूर गेल्यावर येथे मागे राहिलेल्या वृद्ध दांपत्याचे दार आपण ठोठावतो काय? ठोठावताना मुलांना बरोबर नेतो काय? नेले, तर अर्थ त्यांना आपोआप कळेल. न नेले, तर पुढील स्नेहसंमेलनात संमेलन तेवढे उरेल.

ते तसे होऊ नये, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.