चित्रफितीचे मूळ



शाळेच्या एकाच स्नेहसंमेलनाची चित्रफीत देशभर पांगलेल्या पाच घरांतून पाच प्रकारे येते. नावे निराळी, आकारमान निराळे, दृश्य मात्र तेच. अशा वेळी सर्वांत उजळ प्रत ठेवून बाकीच्या पुसून टाकण्याचा मोह होतो. पण संगणकाने खुलवलेली प्रतही उजळच दिसते.

उगमाच्या खुणा फाइलीतच असतात. नावात ‘डब्ल्यूए’ ही अक्षरे असली, तर ती बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली. त्या नावातील तारीख चित्रीकरणाची नव्हे, देवघेवीची. ‘व्हीओबी’ हा प्रकार डीव्हीडीचा. चित्राच्या तळाशी फाटल्यासारखी थरथरणारी पट्टी दिसली, तर मूळ बहुधा व्हीएचएस कॅसेटमध्ये आहे, मग फाइल कितीही नवी असो. म्हणून नाव बदलण्यापूर्वी फाइलीचे जुने नाव आणि ती देणाऱ्याचे नाव वहीत टिपावे. सुबक नावे देण्याची हौस शिक्षकांना अंमळ अधिकच, आणि त्या हौसेपायीच हा पुरावा नाहीसा होतो.

उगम कळला, की कुणाच्या कपाटात मूळ कॅसेट आहे का, हे विचारता येते. तिच्यावरून नवी, अधिक चांगली प्रत घेता येते. मात्र वेळ थोडा आहे. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. उरलेली यंत्रे दुरुस्तीवर तगून आहेत. दिवंगत गुरुजींचा आवाज कदाचित अशाच एखाद्या कॅसेटमध्ये असेल, आणि दमट कपाटात तिच्या फितीवर बुरशी चढत असेल.