जास्वंदीवरचे दोन पांढरे किडे

परसात किंवा गॅलरीतल्या कुंडीत जास्वंद नाही, असे घर आपल्याकडे विरळा. आणि जास्वंद आहे, पण तिच्यावर कधी पांढरी कीड पडली नाही, असे घर त्याहून विरळा. तेव्हा आज मी सांगणार आहे ती गोष्ट तुमच्या दारातलीच आहे, असे समजा.

मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. किडामुंगीच्या बाबतीत माझा अधिकार तो काय? अधिकार एवढाच की, एक चूक मी मोठ्या आत्मविश्वासाने केली आणि तिची शिक्षा झाडाला झाली.

आमच्या अंगणात आईने लावलेली तांबडी जास्वंद आहे. देवाची फुले रोज तिचीच. एका उन्हाळ्यात तिचे शेंडे आखडू लागले, कळ्या गळू लागल्या, पाने चिकट होऊन त्यांवर काजळी धरली. जवळ जाऊन पाहतो तो फांद्यांच्या बेचक्यांत जणू कापसाचे पुंजके! मी तडक बाजारात गेलो, जालीम औषधाची बाटली आणली आणि झाडाला अक्षरशः न्हाऊ घातले. शेजारी कढीलिंब आहे, त्याच्यावरही फवारा उडाला. संध्याकाळी आई फोडणीसाठी त्याचीच पाने तोडायला गेली. मी ओरडलो म्हणून तिचा हात थांबला. तो क्षण आठवला की अजून अंगावर काटा येतो.

आणि एवढे करून लाभ काय? तीन आठवड्यांत कीड पहिल्याहून दुप्पट! तेव्हा प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांना गाठले. त्यांनी विचारले, “फवारल्यावर मेले ते किडे कसे होते?”

“पांढरेच. चांगले मोठे, झुबकेदार. आदल्या दिवशी भराभर चालत होते.”

“अहो, मग चोर सोडून तुम्ही शिपाईच मारलेत की!”

खरी गोम इथे आहे. जास्वंदीवर दोन प्रकारचे पांढरे किडे दिसतात. पहिला पिठ्या ढेकूण. तो पिठात घोळल्यासारखा दिसतो, घोळक्याने चिकटून बसतो आणि रस शोषतो. हललाच तर अगदी सावकाश. दुसरी, क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. तिच्याही अंगावर मेणाचे पांढरे धागे असतात. पण ते लांब असतात, अळी आकाराने मोठी असते आणि काडीने डिवचली की चालू लागते. ती झाडाचे पानही खात नाही. खाते ती पिठ्या ढेकूण आणि त्याची अंडी. या ढालकिड्याला 1898 साली ऑस्ट्रेलियातून आपल्या देशात आणले, ते कॉफीवरच्या खवले किडीसाठी. पण पुढे तो पिठ्या ढेकणावर रुळला. आज प्रयोगशाळांत त्याची मुद्दाम पैदास करतात. ढेकणाची अंडी मेणाच्या पिशवीत सुरक्षित राहतात, तिथे फवारा नीट पोचत नाही. अळी मात्र उघड्यावर हिंडते, म्हणून ती आधी मरते. मग अंड्यांतून निघालेल्या पिलांना रान मोकळे!

मग करायचे काय? प्रथम दहा मिनिटे झाडापाशी नुसते बसा. मुंग्यांची रांग खोडावरून चढते आहे का, ते पाहा. ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. त्याच्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याच्या शत्रूंना हुसकावतात. म्हणून खोडाभोवती कागदाची पट्टी बांधून तिला ग्रीस फासा. झाडाची फांदी भिंतीला टेकलेली असेल तर तीही कापा, नाहीतर मुंग्या आडवाटेने येतील. फार किडलेले शेंडे छाटून, पिशवीत घालून झाडापासून दूर न्या. उरलेली कीड जुन्या दात घासायच्या ब्रशाने व साबणाच्या पाण्याने काढा. तरीही भागले नाही, तर पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा मगज कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, साबणाचा चुरा टाका आणि संध्याकाळी फवारा. आधी एका फांदीवर करून पाहावे, हे बरे. चालणाऱ्या अळ्या दिसल्या, तर मात्र हात आवरा.

घरच्या झाडाचे सोडा, मोठ्या बागांचीही हीच कथा आहे. 2008 साली कोइंबतूरकडे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण आढळला आणि पुढे महाराष्ट्रातल्या पपईपर्यंत पोचला. लोकांनी फवारून फवारून हात टेकले. शेवटी 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याच्या शत्रू असलेल्या तीन जातींच्या चिमुकल्या गांधीलमाशा बंगलोरला आणल्या, वाढवल्या, बागांत सोडल्या. तेव्हा कुठे कीड आटोक्यात आली.

आमची जास्वंद सावरायला सारा पावसाळा गेला. पुढच्या वर्षी पुन्हा पांढरे ठिपके दिसले. आई म्हणाली, “आधी बघ, चालतात का ते.” मी काडी घेऊन बसलो. त्यांतले दोन चालू लागले. त्या वर्षी बाटली आणावी लागली नाही, आणि कढीलिंबाची पाने आई निर्धास्तपणे तोडत राहिली.