पडलेला मोहरा परत येत नाही

व्हिडिओ गेम म्हणजे पोरांचा धुडगूस, असं आपण म्हणतो. मला मात्र वेड लावलं ते 'फायर एम्ब्लेम' या जपानी मालिकेनं. तिचा पहिला खेळ १९९० साली निन्टेन्डोनं काढला. शोझो कागा यांनी तो रचला. जपानबाहेर ही मालिका पोचली थेट २००३ मध्ये.

खेळ बुद्धिबळाच्या जातीचा. चौकोनांचा पट. आधी आपली सगळी माणसं हलवायची, मग शत्रूची पाळी. १९९६ च्या खेळात एक गंमतीचा नियम आला: तलवार कुऱ्हाडीला भारी, कुऱ्हाड भाल्याला आणि भाला तलवारीला.

पण इथल्या मोहऱ्याला नाव असतं, चेहरा असतं, मैत्रीही असते. तो लढाईत पडला की कायमचा गेला!

एकदा घाईत मी जखमा बऱ्या करणारी मुलगी पुढे ठेवली. एका बाणात गेली. डाव मोडून पुन्हा मांडता येतो. एरवी मी तेच करते. त्या दिवशी नाही केलं. पुढच्या लढाया औषधाच्या बाटल्यांवर भागवल्या. तेव्हापासून शत्रू कुठवर पोचेल, ती घरं आधी मोजते.

२०१० पासून पडलेली माणसं परत येण्याची सोपी रीतही मिळते. २०१९ च्या 'थ्री हाउसेस'मध्ये तर चुकलेली चाल मागे घेता येते. सुरुवात तिथूनच करा, त्यात कमीपणा नाही. पण एकदा तरी जुन्या नियमानं खेळून बघा. चाल करण्याआधी हात आपोआप थांबतो.